ॲव्हरेज काय देती? टर्बाइनवर धावलेल्या गाड्यांची गोष्ट

ज्यांना इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा निवांत वाचणं आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर' आणि 'बरं का' थोडे काढलेत, थोडे तसेच ठेवलेत.

सुरुवात माझ्या गावापासून, म्हणजे अवसरी खुर्दपासून. दिवाळीला घरी गेलो होतो. संध्याकाळी ओट्यावर बसून तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, मोबाईलवर १९६३ च्या एका अमेरिकन गाडीचा व्हिडिओ दाखवत होतो. तांब्याच्या भांड्यासारखा रंग, मागचे दिवे एखाद्या जेट विमानाला शोभतील असे. आणि चावी फिरवली की नेहमीची घरघर नाही, विमानतळावर ऐकू येते तशी बारीक शिट्टी. मी एकदम रंगात येऊन सांगत होतो, "तात्या, हिला पिस्टनच नाही. आत टर्बाइन आहे. डिझेलवर चालते, रॉकेलवर चालते, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी तर म्हणे टकीला दारूवर चालवून बघितली होती!"

तात्या पिकअपमधून मंचरच्या मार्केटला माल नेतात. त्यांनी पूर्ण व्हिडिओ शांतपणे बघितला, मोबाईल परत दिला आणि विचारलं, "ॲव्हरेज काय देती?"

मी हसलो. मनात म्हटलं, एवढी भारी गाडी दाखवली आणि यांना ॲव्हरेज पडलंय. पण नंतर दोन आठवडे या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनियर तीसेक वर्षं याच एका प्रश्नाशी झगडत होते. शेवटी गाडी अडली तीही इथेच. आजची गोष्ट त्या तीस वर्षांची, आणि तिचा धागा फिरून आपल्या पुण्यापर्यंत कसा आला त्याची.

आधी टर्बाइन म्हणजे काय ते बघू

आमच्या तालुक्यात टर्बाइन म्हटलं की डिंभे धरण आठवतं. वरून पाणी येतं, चाकाच्या पात्यांवर आदळतं, चाक फिरतं, वीज तयार होते. गॅस टर्बाइनमध्ये पाण्याच्या जागी तापलेली हवा असते. पुढच्या बाजूला एक पंखा, म्हणजे कॉम्प्रेसर, हवा ओढून दाबतो. मग त्या दाबलेल्या हवेत इंधन जळतं. तापून फुगलेली हवा मागच्या पात्यांवर जोरात आदळते आणि त्यांना फिरवते. त्या फिरण्यातली काही ताकद पुढचा कॉम्प्रेसर चालवायला जाते, उरलेली आपल्याला मिळते.

आपल्या नेहमीच्या इंजिनात हवा ओढणं, दाबणं, जाळणं आणि बाहेर टाकणं ही चारही कामं एकाच सिलिंडरमध्ये एकामागून एक होतात. टर्बाइनमध्ये ती चार वेगवेगळ्या जागी, एकाच वेळी आणि सतत चालू असतात. त्यामुळे पिस्टनचं वर-खाली नाही, धक्के नाहीत, थरथर नाही. ऑइल फारसं खराब होत नाही. पाण्याचा रेडिएटर लागत नाही. थंडीत पटकन चालू होतं. मी दाखवलेल्या त्या गाडीच्या इंजिनात हलणारे भाग साधारण ६० होते, त्या काळच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात ३०० च्या आसपास. स्पार्क प्लग फक्त एक.

कागदावर बघितलं तर प्रश्नच उरत नाही. मग आज आपण सगळे पिस्टनवरच का फिरतोय?

रोव्हरची पहिली गाडी

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमध्ये. फ्रँक व्हिटल नावाच्या हवाई दलातल्या इंजिनियरनं जेट इंजिन तयार केलं होतं. ते मोठ्या प्रमाणावर बनवायचं काम सरकारनं रोव्हर या कार कंपनीकडे दिलं. व्हिटल आणि रोव्हर यांचं काही जमलं नाही. व्हिटलला वाटायचं की हे लोक माझं डिझाइन परस्पर बदलतायत. शेवटी १९४३ मध्ये अदलाबदल झाली. रोव्हरनं जेट इंजिनाचं काम रोल्स-रॉइसला दिलं आणि बदल्यात रोल्स-रॉइसचं रणगाड्याच्या इंजिनाचं काम घेतलं. रोल्स-रॉइस पुढे विमानाच्या इंजिनात कुठल्या कुठे गेली.

पण रोव्हरच्या लोकांच्या डोक्यातून टर्बाइन गेलं नाही. मॉरिस विल्क्स, फ्रँक बेल आणि स्पेन्सर किंग यांनी युद्धानंतर छोटं टर्बाइन बनवायला घेतलं आणि मार्च १९५० मध्ये 'जेट-१' ही गाडी जगासमोर आणली. गॅस टर्बाइनवर चालणारी जगातली पहिली कार. दोन वर्षांनी, सुधारलेल्या इंजिनासह, बेल्जियममधल्या याब्बेकेच्या सरळ रस्त्यावर ती ताशी २४० किलोमीटरच्या वर धावली. आज ती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

आता तात्यांचा प्रश्न. जेट-१ ला एका गॅलनमध्ये सहा मैलांच्या आसपास जाता यायचं. आपल्या हिशोबानं लिटरला दोन किलोमीटर आणि वर थोडंसं. म्हणजे अवसरीहून पुण्याला एकदा जाऊन यायचं तर निदान साठ लिटर इंधन!

पण त्या वेळी हे कुणाला फार खटकलं नाही. पहिलीच गाडी आहे, सुधारेल, असं सगळ्यांना वाटत होतं. इंजिनियरला असं वाटणं साहजिकच आहे, आम्हालाही वाटतं. पहिल्या व्हर्जनमध्ये परफॉर्मन्स बघायचा, ऑप्टिमायझेशन नंतर.

मग सगळ्यांनाच टर्बाइन हवं झालं

१९५४ साल उजाडलं आणि जणू साथच आली. जनरल मोटर्सनं आपल्या मोटोरामा प्रदर्शनात 'फायरबर्ड' ठेवली. ती गाडी कमी आणि चाकं लावलेलं लढाऊ विमान जास्त वाटायची. त्याच वर्षी फियाटनं ट्युरिनमधल्या आपल्या लिंगोट्टो कारखान्याच्या गच्चीवरच्या ट्रॅकवर 'टर्बिना' चालवून दाखवली. १९५६ मध्ये रेनोच्या टर्बाइन गाडीनं अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठागरावर ताशी ३०० किलोमीटरचा टप्पा पार केला.

या सगळ्यांत ज्यांनी हा विषय खरंच सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेला ते म्हणजे क्रायस्लर, आणि तिथले प्रमुख इंजिनियर जॉर्ज ह्यूबनर. क्रायस्लरनं नवी दिसणारी विमानासारखी गाडी बनवण्याऐवजी आपल्याच साध्या प्लायमाउथ गाडीत टर्बाइन बसवलं. मार्च १९५६ मध्ये अशी एक गाडी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला, म्हणजे पूर्ण अमेरिका आडवी पार करून, चार दिवसांत पोचली. ॲव्हरेज पडलं लिटरला साधारण साडेपाच किलोमीटर. जेट-१ च्या दुपटीहून जास्त! म्हणजे सुधारणा होत होती, आणि ती कशामुळे होत होती ते समजलं तर अर्धी गोष्ट समजली.

शर्यतीचा बैल आणि चुलीचा वैल

आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात बैलगाडा शर्यतीचं वेड काय आहे ते सांगायला नको. शर्यतीचा बैल घाटात सुटला की काही सेकंदांत जे करतो ते बघायला हजारो लोक जमतात. पण तोच बैल कुणी रोज औताला जुंपत नाही. आणि शर्यत नसली म्हणून त्याचा खुराक काही थांबत नाही.

टर्बाइन तसंच आहे. ते पूर्ण वेगानं, पूर्ण भारावर चालत असेल तेव्हा उत्तम. विमान उडतं तेव्हा तासन् तास एकाच ठरावीक वेगात उडतं, म्हणून तिथे ते राजा आहे. पण गाडीचं आयुष्य आठवून बघा. चाकणच्या चौकात दहा मिनिटं उभी, मग दुसऱ्या गिअरमध्ये थोडी पुढे, परत उभी. मोकळा रस्ता मिळाला तरी आपण इंजिनाच्या पूर्ण ताकदीचा थोडाच भाग वापरतो.

टर्बाइननं तयार केलेल्या ताकदीतला मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश, त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसरच खातो. पूर्ण भारावर हा व्यवहार परवडतो. भार कमी केला की हवेचा दाब कमी होतो, आतलं तापमान उतरतं आणि हातात येणारी ताकद झपाट्यानं घटते, इंधन मात्र त्या मानानं कमी होत नाही. आपल्या गाडीचं इंजिन उभं असताना मिनिटाला आठशे-नऊशे फेरे मारतं. क्रायस्लरचं टर्बाइन गाडी सिग्नलला उभी असतानाही मिनिटाला १८,००० ते २२,००० फेरे मारत असायचं, म्हणजे त्याच्या कमाल वेगाच्या जवळजवळ निम्मे. उभ्या उभ्या!

त्यात इंजिन जितकं लहान, तितकी अडचण मोठी. पातं आणि बाहेरचं कवच यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. वीजकेंद्राच्या भल्यामोठ्या टर्बाइनला ती फट जाणवत नाही. बशीएवढ्या चाकाला तेवढीच फट म्हणजे मोठी गळती.

मग उपाय काय काढला? इथे मला आमच्या आजीची चूल आठवते. चुलीला लागून एक वैल असायचा. भाकरी चुलीवर, आणि जाळाची जी धग नाहीतर वाया गेली असती तिच्यावर वैलात कालवण. वेगळं सरपण नाही. टर्बाइनच्या धुरातूनही प्रचंड उष्णता बाहेर जात होती. ती पकडून आत येणाऱ्या हवेला आधीच तापवलं, तर जाळायला इंधन कमी लागेल. या भागाला रीजनरेटर म्हणतात. बारीक जाळीचं एक मोठं चाक हळूहळू फिरतं. अर्धं चाक गरम धुरात तापतं, फिरून पुढे येतं आणि ती उष्णता थंड हवेला देतं. प्लायमाउथचं ॲव्हरेज वाढलं त्यात मोठा वाटा या वैलाचाच होता.

याचा चोख पुरावा रेसच्या मैदानावर मिळाला. १९६३ मध्ये रोव्हरनं बीआरएम या रेसिंग कंपनीबरोबर केलेली टर्बाइन गाडी फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली. ग्रॅहम हिल आणि रिची गिंथर ती चालवत होते. ॲव्हरेज लिटरला साधारण अडीच किलोमीटर. १९६५ मध्ये तीच गाडी सिरॅमिकचा रीजनरेटर बसवून परत आली. या वेळी हिलच्या जोडीला जॅकी स्टुअर्ट होता. पात्याला इजा झाल्यामुळे गाडी जपून चालवावी लागली, तरी एकूण दहावी आली. ॲव्हरेज पावणेपाचच्या आसपास. काही फरक जपून चालवल्याचा धरला तरी जवळपास दुप्पट.

हेच तत्त्व आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर रायगड जिल्ह्यातलं उरणचं वीजकेंद्र बघा. तिथे १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइन आहेत. त्यांच्या गरम धुरावर पाण्याची वाफ करून आणखी १२० मेगावॉटचे दोन संच चालतात, जास्तीचा गॅस न जाळता. एकूण ६७२ मेगावॉट. शिवाय ते टर्बाइन चौकात उभं राहत नाही, ते एका जागी एका वेगात फिरतं. त्याला त्याच्या स्वभावाचं काम मिळालंय.

दोनशे तीन लोक आणि एक अट

आता येऊ तात्यांना दाखवलेल्या गाडीकडे. १९६३ मध्ये क्रायस्लरनं जे केलं ते मला या पूर्ण इतिहासातलं सगळ्यात धाडसाचं काम वाटतं. त्यांनी इटलीतल्या घिया कंपनीकडून हातानं बनवलेल्या बॉडी मागवल्या, १३० हॉर्सपॉवरचं टर्बाइन बसवलं आणि एकूण ५५ गाड्या तयार केल्या. त्यातल्या ५० चक्क सामान्य लोकांना वापरायला दिल्या. फुकट. प्रत्येकाला तीन महिने. ऑक्टोबर १९६३ ते जानेवारी १९६६ या काळात २०३ कुटुंबांनी त्या वापरल्या आणि मिळून दहा लाख मैलांच्या वर, म्हणजे सोळा लाख किलोमीटरहून जास्त, पळवल्या.

दुरुस्ती, विमा सगळं कंपनीकडे. अट एकच, इंधन स्वतःच्या पैशानं भरायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. डेमोमध्ये सगळं छान चालतं, खरी परीक्षा प्रॉडक्शनमध्ये. क्रायस्लरनं आपलं उत्पादन खऱ्या लोकांच्या हातात दिलं आणि परत आल्यावर प्रत्येकाला नीट विचारलं. लोकांनी कौतुक केलं. गाडी थरथरत नाही, देखभाल नाही, हिवाळ्यात हीटर लगेच गरम. तक्रारीही सांगितल्या. पॅडल दाबल्यावर गाडी एक-दीड सेकंद विचार करते आणि मग निघते. उंच डोंगराळ भागात चालू व्हायला त्रास देते. त्या काळच्या शिसं घातलेल्या पेट्रोलनं टर्बाइनला इजा होते, म्हणून डिझेलचा पंप शोधत फिरावं लागतं. आवाज काहींना आवडला, काहींना व्हॅक्यूम क्लीनरसारखा वाटला.

आणि यादीत ती तक्रार होतीच. ॲव्हरेज. ज्या दिवशी इंधन स्वतःच्या खिशातून भरायला लागलं, त्या दिवशी डेट्रॉइट, शिकागो आणि अवसरी खुर्द एकच झाले.

कार्यक्रम संपला तेव्हा ५५ पैकी ४६ गाड्या मोडून टाकल्या. कारण म्हणून इटलीहून आलेल्या बॉडींवरचं आयात शुल्क सांगितलं जातं. नऊ उरल्या. गाड्या ठेचताना काढलेले फोटो आहेत, बघवत नाहीत.

शेवट कसा झाला

क्रायस्लरनं काम मात्र सोडलं नव्हतं. इंजिनाच्या पिढ्या पुढे जात होत्या. पण १९७० मध्ये अमेरिकेत हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला. टर्बाइनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं इंधन कमी असतं, पण आतल्या प्रचंड तापमानामुळे नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त तयार होतात. म्हणजे ॲव्हरेज वाढवायला तापमान वाढवा, तर धूर कायद्यात बसेना. मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या. तात्यांचा प्रश्न आता अमेरिकेतला प्रत्येक माणूस विचारू लागला.

१९७९ मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीच्या काठावर आली. सरकारनं कर्जाला हमी दिली म्हणून वाचली. आणि त्याच दिवसांत टर्बाइन गाडीचा कार्यक्रम गुंडाळला गेला. अमेरिकन सरकारनं पुढे १९८७ पर्यंत सिरॅमिक पात्यांवर संशोधन चालू ठेवलं, म्हणजे जास्त तापमान सोसता येईल आणि महागडे निकेलचे मिश्रधातू लागणार नाहीत. शिकायला खूप मिळालं. शोरूममध्ये गाडी आली नाही.

टर्बाइन मेलं नाही, त्यानं घर बदललं. क्रायस्लरच्याच संरक्षण विभागानं विकसित केलेल्या एम-१ अब्राम्स रणगाड्यात १,५०० हॉर्सपॉवरचं टर्बाइन बसलं. तिथेही दुखणं तेच. रणगाडा उभा असताना ते इतकं इंधन पितं की पुढे उभं असतानाच्या विजेसाठी वेगळं छोटं युनिट बसवावं लागलं.

धागा पुण्यात येतो

आता रोव्हरकडे परत जाऊ. पहिली टर्बाइन कार बनवणारी ही कंपनी पुढची पन्नास वर्षं एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. २००३ मध्ये, तेव्हाच्या एमजी रोव्हरनं इंग्लंडमध्ये 'सिटीरोव्हर' नावाची छोटी गाडी आणली. ती कुठली माहितीये? आपली इंडिका! टाटांच्या पुण्याच्या कारखान्यात बनायची आणि रोव्हरचा बिल्ला लावून तिकडे विकली जायची. कधीकाळी जेट-१ बनवणाऱ्यांकडे आता स्वतःची नवी छोटी गाडी बनवायला पैसा उरला नव्हता. २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली.

जून २००८ मध्ये टाटा मोटर्सनं फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतली. त्या व्यवहारात 'रोव्हर' हे जुनं नावही आलं. म्हणजे जगातल्या पहिल्या टर्बाइन कारचं नाव आज ज्या कंपनीच्या मालकीचं आहे, तिचा कारखाना आमच्या गावापासून दीड-दोन तासांवर पिंपरीत आहे. अर्थात चाकणला ट्रॅफिक नसेल तर.

आणि गंमत बघा, टाटांची झाल्यावर दोनच वर्षांनी जॅग्वारनं परत टर्बाइन काढलं. २०१० च्या पॅरिस मोटर शोमध्ये कंपनीच्या पंच्याहत्तरीनिमित्त 'सी-एक्स ७५' ही गाडी ठेवली. तिच्यात ब्लेडन जेट्स या ब्रिटिश कंपनीची दोन छोटी टर्बाइन होती, प्रत्येकी ७० किलोवॉटची, मिनिटाला ८०,००० फेरे मारणारी. टाटा समूहानं ब्लेडनमध्ये गुंतवणूकही केली.

या वेळी शहाणपण असं होतं की टर्बाइन चाकांना जोडलेलंच नव्हतं. चाकं विजेच्या मोटरवर फिरणार. टर्बाइनचं काम फक्त वीज तयार करणं, तेही ठरलेल्या वेगात. चौकात उभं राहायची वेळ आली तर सरळ बंद. शर्यतीच्या बैलाला औताला जुंपायचंच नाही! साठ वर्षांचा धडा त्या एका रचनेत होता.

पण २०११ मध्ये ही गाडी मर्यादित संख्येत विकायचं जाहीर झालं तेव्हा टर्बाइन काढून १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन घेतलं होतं. आणि डिसेंबर २०१२ मध्ये आर्थिक परिस्थितीचं कारण देऊन तो प्रकल्पही थांबवला. २०१५ च्या जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर' सिनेमात रोमच्या रस्त्यांवर पळते ती हीच गाडी, पण स्टंटसाठी बनवलेल्या त्या गाड्यांत साधं पेट्रोल इंजिन होतं.

मग हे सगळं वाया गेलं का?

हा प्रश्न मी इतिहास म्हणून विचारत नाहीये. माझा धाकटा चुलतभाऊ भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर इंजिनाचे पार्ट बनवतो. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "दादा, सगळं इलेक्ट्रिक झालं तर आमचा पार्ट कोण घेणार?" गावातल्या शासकीय अभियांत्रिकी कॉलेजात ऑटोमोबाइलची शाखा आहे. तिथली पोरं चहाच्या टपरीवर हेच बोलतात. चार वर्षं इंजिन शिकायचं आणि बाहेर पडेपर्यंत इंजिनच नसेल तर?

तात्यांच्या प्रश्नाच्या अंगानं बघितलं तर इलेक्ट्रिक गाडी का जिंकतेय ते कळतं. चौकात उभी असताना तिची मोटर जवळपास काहीच खात नाही. हळू चालताना ती कंजूष असते. म्हणजे टर्बाइन जिथे सगळ्यात कच्चं होतं, नेमकी तिथेच ती पक्की आहे. दोघांतही पिस्टन नाही, थरथर नाही, हलणारे भाग कमी. फरक फक्त रोजच्या वापरात कोण टिकतं याचा.

पण भावाला मी दुसरी एक गोष्ट सांगितली. टर्बाइनच्या त्या वैलासाठी, उष्णता पकडणाऱ्या चाकासाठी, अमेरिकेतली कॉर्निंग कंपनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिक बनवायला शिकली होती. टर्बाइन गाड्या काही आल्या नाहीत. पण सत्तरच्या दशकात धुराचे कायदे आले, तेव्हा गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा होता, आणि त्याच्या आतला सांगाडा याच पोळ्याच्या रचनेचा झाला. कॉर्निंगनंच तो बनवला. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. आज चाकणमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीखाली ते पोळं आहे. ज्या कायद्यानं टर्बाइनची वाट अडवली, त्याच कायद्यानं टर्बाइनसाठी शिकलेल्या कामाला गिऱ्हाईक दिलं.

भाऊ म्हणाला, "म्हणजे पार्ट जातो, पण हात राहतो."

मी 'हो' म्हणालो, पण पूर्ण 'हो' म्हणणं खरं नाही. कॉर्निंगचं जमलं, कारण त्यांनी नवं गिऱ्हाईक वेळेत ओळखलं. रोव्हरचे लोकही काही कमी हुशार नव्हते. त्यांनी सगळ्यांच्या आधी गाडी बनवली, ले मान्सला जाऊन दाखवली, आणि शेवटी त्यांच्या कंपनीचं फक्त नाव उरलं, तेही आता आपल्याकडे वापराविना पडून आहे. कौशल्य आपोआप वाचत नाही. ते कुणाच्या रोजच्या कामाला येतंय हे सतत विचारत राहावं लागतं. भावाच्या शॉपमध्ये मायक्रॉनमध्ये मापं धरणारी माणसं आहेत. त्यांनी इंजिनाचाच पार्ट धरून ठेवायचा की ते माप आणखी कुणाला लागतंय ते शोधायला आजच निघायचं, हा प्रश्न भोसरी-चाकणच्या शेकडो शॉपसमोर आहे आणि वेळ थोडा आहे.

मुंबईच्या बसनं परत निघालो तेव्हा तात्या स्टँडवर सोडायला आले होते. मी म्हटलं, "तात्या, ती गाडी का बंद पडली ते शोधलं बरं का. ॲव्हरेजमुळेच!"

ते म्हणाले, "मग? आधीच विचारलं होतं की मी."

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात किंवा शॉपमध्ये एखादं जुनं कौशल्य नव्या कामाला लागलं असेल, तर नक्की कळवा, एखादा भाग त्यावरच करू. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि चौकात जास्त वेळ थांबायचं असेल तर इंजिन बंद करा!